नर्स त्यांना हव्यात, मग पैसे तुम्ही का भरायचे?

पत्र : ताई, मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. २०१८ ला नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झाला, तेव्हापासून लातूरला एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. पगार १६ हजार, तोही दहा तारखेच्या पुढं कधीतरी. आमचे मालक, म्हणजे मिस्टर, शेती बघतात, चार एकर, सगळं सोयाबीन. मुलगी चार वर्षांची आहे. आमच्या बॅचच्या दोघी संभाजीनगरच्या एका कन्सल्टन्सीवाल्याकडं गेल्या, त्यांच्यासोबत मीही गेले. तो म्हणतो, युकेला केअर वर्करचा व्हिसा ८ लाखात, नवरा आणि मुलगी सोबत. नाहीतर जर्मनी ५ लाखात, भाषा तिथं गेल्यावर शिका. फाइल चार्ज १ लाख महिनाअखेर भरायचा, नाहीतर कोटा संपतो म्हणाला. मी ११ हजार टोकन दिलंय आणि पासपोर्ट त्याच्याकडंच आहे. सासरे म्हणतात एक एकर काढू, गिऱ्हाईक तयार आहे, इसार घ्यायचा तेवढा बाकी. दीर म्हणतो जायचं तर अमेरिकेला जा, तिथं नर्सला डायरेक्ट ग्रीन कार्ड असतं. सासूबाई मुलीला सांभाळते म्हणतात, पण आतून नाराज आहेत. काय करू? — एक सिस्टर

उत्तर : सिस्टर, दोन कामं आधी करा, बाकीचं मग वाचा. सासऱ्यांना सांगा, इसार घेऊ नका. एकदा इसार घेतला की गावात शब्द गेला, मग मागं फिरायला जीभ रेटत नाही. दुसरं, येत्या सुट्टीला तुमच्या मालकांना सोबत घेऊन संभाजीनगरला जा आणि पासपोर्ट घेऊन या. पासपोर्ट सरकारचा असतो, एजंटानं तो अडकवून ठेवायचा नसतो. त्याला झेरॉक्स पुरे. 'फाइल प्रोसेसला आहे' म्हणाला तर कुठल्या प्रोसेसला आणि कुणाच्या टेबलावर, ते विचारा. दिलाच नाही तर तिथून थेट पोलिस ठाणं गाठा. ११ हजार परत मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी ते वाचवायला म्हणून लाख घालू नका. माणसं फसतात ती पहिल्या हप्त्याला नाही, 'आता एवढे गेलेच आहेत तर' म्हणून दिलेल्या दुसऱ्या हप्त्याला.

आता मुद्द्याचं. तुम्ही केजच्या, म्हणजे कोयता, ऊसतोडीला जाणं, काय असतं ते मी सांगायला नको. हंगामाच्या आधी मुकादम गावात येतो तेव्हा उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोण कुणाला देतं? कारखान्याला हात हवे असतात, म्हणून पैसा तिकडून इकडं येतो. ऊस तोडायला मिळावा म्हणून एखाद्या जोडीनंच मुकादमाला ५ लाख मोजले, असं तुमच्या शिवारात कधी ऐकलंय? जर्मनीला नर्स कमी पडतात, हे खरं आहे. त्यासाठी तिथल्या सरकारनं बाहेरच्या कामगारांचा कायदा २०२० मध्ये आणला, २०२३-२४ मध्ये आणखी सैल केला. भारताशी डिसेंबर २०२२ मध्ये करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेऊ असं जाहीर केलं. एवढी नड असलेला मालक तुमच्याकडून पैसे मागत नाही. मागतो तो मधला माणूस.

एजंट आणखी एका गोष्टीचं भांडवल करतात. 'नर्सिंग शॉर्टेज लिस्टमध्ये आहे' असं म्हटलं की पोरींना वाटतं, व्हिसा झालाच. टंचाईच्या यादीत व्यवसायाचं नाव असलं तर काही अटी सैल होतात, कुठं पगाराची मर्यादा खाली येते, कुठं एखादी पायरी वगळली जाते. बस्स. नोकरी तुम्हालाच मिळवावी लागते, आणि यादी ते सरकार हवी तेव्हा बदलतं. युकेत नेमकं हेच झालं. तिथं केअर वर्करचं, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घ्यायचं, काम फेब्रुवारी २०२२ मध्ये टंचाईच्या यादीत आलं आणि जगभरातून माणसं गेली. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करला नवरा-मुलं सोबत नेणं बंद झालं. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच बंद झालं. म्हणजे तुमचा कन्सल्टन्सीवाला ८ लाखाला जो माल विकतोय तो दुकानात नाहीच, आणि वर 'नवरा-मुलगी सोबत' ही फुकटची जोड देतोय.

दार उघडं होतं तेव्हाही सगळं गोड नव्हतं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारनं केअर क्षेत्रातल्या ४७० हून जास्त मालकांचे परदेशी कामगार आणायचे परवाने काढून घेतले आणि ३९ हजारांवर कामगार अधांतरी लटकले. कुणी बोगस कंपनी काढून स्पॉन्सरशिपचं पत्र विकलं, कुणी माणसं नेली आणि काम दिलं नाही. मालकाचा परवाना गेला की नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. एकर विकून गेलेल्या बाईनं त्या ६० दिवसांत काय काय सोसलं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

शिवाय तुम्ही नर्स आहात. सात-आठ वर्षं आयसीयू बघितलेल्या बाईनं केअर वर्करच्या व्हिसावर कशाला जायचं? युकेत नर्स म्हणून जायची वाट अजून आहे. इंग्रजीची आयईएलटीएस नाहीतर ओईटी, मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलची सीबीटी परीक्षा इथं भारतात, आणि प्रात्यक्षिकाची ऑस्की तिथं गेल्यावर. आयईएलटीएसला लिखाणात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात गुण लागतात. तुमचं इंग्रजी तेवढं पक्कं असेल तर जरूर बघा, पण तिकडची परदेशी नर्सची भरती गेल्या दोनेक वर्षांत बरीच आटली आहे. मी तुमच्या जागी असते तर जर्मनीकडं बघितलं असतं.

पण त्याच्या पद्धतीनं नाही. 'भाषा तिथं गेल्यावर शिका' म्हणणाऱ्याला एकतर ते काम माहीत नाही, किंवा माहीत असून तो लपवतोय. जर्मनीत नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे. इथली जीएनएम तिथं आपोआप धरत नाहीत. तिथल्या राज्याचं कार्यालय तुमचा अभ्यासक्रम आणि त्यांचा अभ्यासक्रम विषय आणि तास मोजून शेजारी ठेवतं आणि काय कमी पडतंय त्याचं पत्र देतं. या सगळ्या प्रकाराला आनएरकेनुंग, म्हणजे मान्यता, म्हणतात, आणि त्या पत्राला आपल्या पोरी नुसतं 'डेफिझिट' म्हणतात. ते येणारच, घाबरायचं कारण नाही. राहिलेलं भरून काढायला एकतर तिथल्या हॉस्पिटलात काही महिन्यांचं प्रशिक्षण करायचं, नाहीतर परीक्षा द्यायची, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर. दोन्ही जर्मन भाषेत. भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात, पूर्ण परवान्याला बी२ लागते. काही मालक बी१ वर बोलावून घेतात आणि पुढचं तिथं करून घेतात, पण शून्यावर कुणी घेत नाही. कुणी 'आऊसबिल्डुंग'चा फॉर्म पुढं केला तर सही करू नका. ते बारावी झालेल्यांसाठी ठीक आहे, तुम्ही मात्र झालेली नर्स असून पुन्हा तीन वर्षं शिकाऊ व्हाल.

भाषेवर मी एवढी अडून बसते त्याचं कारण तिथलं काम. आज तुम्ही व्हेंटिलेटर बघता, इन्फ्युजन पंप लावता, एबीजी काढता. अंग पुसणं, बेडपॅन, भरवणं हे मावशी नाहीतर नातेवाईक करतात. तिकडं नातेवाईक भेटायला येतात, करायला नाही. सकाळची ड्यूटी सहाच्या सुमाराला सुरू. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजोबांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का बघायचं, डायपर बदलायचा, कवळी धुऊन बसवायची, मग खुर्चीत बसवून नाश्ता द्यायचा आणि हे सगळं करताना त्यांच्याशी बोलत राहायचं. छातीत दुखतंय म्हणाले की घशाशी जळजळतंय म्हणाले, हे कळलं नाही तर ड्यूटी कशी द्याल? शिरेतलं इंजेक्शन मात्र बऱ्याच ठिकाणी डॉक्टर देतो. आपल्या पोरी पहिल्या महिन्यात घरी फोन करून रडतात ते थंडीनं कमी आणि 'एवढं शिकून मावशीचं काम करते' या विचारानं जास्त. मला विचाराल तर पेशंटच्या अंगाला हात लावायचं काम आपण मावशीवर आणि घरच्यांवर ढकललं, तिथंच आपलं चुकलं. पण माझं मत सोडा. हे काम रोज हसतमुखानं होईल का, हे तुम्ही जाण्याआधी स्वतःला विचारा.

पैशाचं सांगते. मान्यता मिळेपर्यंत मदतनीसाचा पगार, म्हणजे कमी. नर्सचा परवाना आला की साधारण ३ हजार युरोच्या वर, त्यातून कर, पेन्शन आणि आरोग्य विमा कापून हातात २ हजार ते सव्वादोन हजारांच्या आसपास. त्यातून घरभाडं द्यायचं. एजंट वरचा आकडा रुपयात करून सांगतात, खालचा सांगत नाहीत.

मग जायचं कसं? जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेचा आणि जीआयझेड या जर्मन सरकारच्याच संस्थेचा 'ट्रिपल विन' नावाचा कार्यक्रम आहे. त्यात नर्सकडून पैसे घेतले जात नाहीत, मालक भरतो. डिसेंबर २०२१ च्या करारानंतर केरळच्या पोरी तिथल्या सरकारी नोर्का संस्थेमार्फत या वाटेनं जातात. आपल्याकडं असं काही रुळलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, १० हजार तरुण पाठवायचं बोलणं झालं, त्यात नर्सिंगही होतं. कुठं नोंदणी उघडली तर नाव घाला, पण त्या भरवशावर हात बांधून बसू नका. खासगी संस्थाही सगळ्याच चोर नाहीत. जर्मन सरकारनं नर्सभरती करणाऱ्या संस्थांसाठी 'फेअरे आन्वेर्बुंग फ्लेगे डॉइचलान्ड' नावाची गुणवत्ता मोहोर सुरू केली आहे. मोहोर घेतलेल्या संस्थांची यादी नेटवर आहे, आणि तिची पहिली अटच ही की भरतीचा खर्च नर्सवर टाकायचा नाही. बी१ हातात असलेली, आयसीयूचा अनुभव असलेली नर्स अशा संस्थेकडं गेली तर तेच मागं लागतात.

इथं मात्र कोयत्याची दुसरी बाजू लक्षात घ्या. मालक भाषेचा, विमानाचा, कागदांचा खर्च करतो तेव्हा करारात कलम घालतो, की अमुक इतकी वर्षं भरायच्या आत नोकरी सोडली तर एवढे युरो परत. उचलच ती. फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही. असं कलम असणं वावगं नाही, पण किती वर्षं, किती रक्कम, दर महिन्याला ती कमी होते का, आणि मालकाच्याच चुकीमुळं नोकरी गेली तर काय, हे सही करायच्या आधी वाचून घ्या. करार तुम्हाला कळेल अशा भाषेत मागा. जर्मन कागदावर 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणून सही करायला लावणाऱ्याकडून उठून या.

तुमचा कन्सल्टन्सीवाला खरा की खोटा, हे मला लातूरहून विचारण्यापेक्षा तुम्हीच पाच मिनिटांत बघू शकता. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्प्रवासी महासंरक्षकांकडं एजंटाची नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी चालू असलेल्या एजंटांची यादी आहे, बेकायदा एजंटांचीही आहे. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. ५ लाख आणि ८ लाख कुठल्या नियमात बसतात ते त्याला विचारा. तो बहुतेक म्हणेल, 'आम्ही रिक्रूटमेंट करत नाही, आम्ही व्हिसा कन्सल्टंट.' मग नोकरीचं पत्र कोण देणार आहे, असं विचारा आणि उत्तर ऐकायला थांबू नका.

दिराचं एका बाबतीत बरोबर आहे. अमेरिकेत नर्सला खास वाट आहे. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट टंचाईच्या यादीत असल्यानं मालकाला 'स्थानिक माणूस मिळत नाही' हे सिद्ध करायची पायरी तिथं माफ असते. पण पुढं रांग आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्केच. भारतात जन्मलेल्या नर्सच्या वर्गात सध्या २०१३ च्या सुमाराला अर्ज केलेल्यांचा नंबर लागतोय. आज फाइल टाकली तर तुमची लेक कॉलेजात जाईल. दिराला एवढंच सांगा.

कागदांचं काम मात्र आजपासून सुरू करा, त्याला एजंट लागत नाही. तुमचा पासपोर्ट सासरच्या नावानं असेल आणि दहावी, जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, तर तिकडचा क्लार्क त्या दोन बायका धरतो. आपल्याकडं हे घरोघर आहे. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव मध्ये, कुठं नुसतं 'सौ.' विवाह नोंदणीचा दाखला काढा, नाव बदलल्याचं राजपत्र काढा, आणि सगळीकडं स्पेलिंग एक करून घ्या. कौन्सिलचं नूतनीकरण चालू आहे का बघा. हॉस्पिटलकडून अनुभवाचा दाखला घ्या, त्यात 'स्टाफ नर्स, आयसीयू' आणि रुजू झाल्याची तारीख हवी. पगार रोख मिळत असेल तर खात्यावर द्या म्हणा, नंतर पुरावा तोच. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलनं ठेवून घेतली असतील तर ती आधी सोडवा. आणि भाषा. जर्मनचे ऑनलाइन क्लास आता केजमध्ये बसून करता येतात. परीक्षा मात्र मान्यताप्राप्त केंद्राचीच द्या, पुणे-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटमध्ये, होतात. ड्यूटी सांभाळून बी१ ला वर्षभर लागेल असं धरा. फी हप्त्याहप्त्यानं पगारातून निघते, त्याला एकर लागत नाही. ए१ झाल्यावर नको वाटलं तर थांबताही येतं. विकलेली जमीन परत येत नाही.

घरचं राहिलं. पत्रात तुम्ही सासऱ्यांचं मत लिहिलंत, दिराचं लिहिलंत, सासूबाई आतून नाराज आहेत हेही लिहिलंत. घरच्या मालकांना काय वाटतं, ते कुठंच नाही. ते विचारा, आणि सगळ्यांसमोर नाही, दोघंच असताना. कारण हिशोब असा आहे : वर्ष-सव्वा वर्ष भाषा, मग मुलाखत, कागद आणि व्हिसा, तिथं गेल्यावर मान्यता मिळेपर्यंत आणखी वर्षभर तरी. कुटुंब बोलवायचं तर पुरेसा पगार दाखवावा लागतो. म्हणजे लेकराला तुमच्यापासून वर्ष-दीड वर्ष लांब राहावं लागेल, हे धरून चला. कुणी 'लगेच सोबत' म्हणालं तर ते खोटं. तुमचे मालक नंतर तिथं आले तर त्यांना काम करता येतं, पण ते काम गोदामातलं असेल, चार एकरांच्या मालकाचं नसेल. त्यांना चालणार आहे का? तेही तुमच्यासोबत ए१ चा क्लास लावतील का? लावला तर निम्मं काम झालं समजा. सासूबाईंशीही तारखा धरून बोला. 'जाते आणि बघते' या बोलण्यानं त्या धास्तावल्या आहेत. कधी जाणार, कधी येणार, लेक कधी नेणार, एवढं कळलं की बाई माणूस बरंच पेलतं. आपल्याकडच्या आज्यांनी हंगामाला गेलेल्यांची लेकरं वर्षानुवर्षं सांभाळली आहेतच.

तुमच्या बॅचच्या त्या दोघींचं काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाही. त्यांनी लाख भरले असतील तर त्यांना हे आजच दाखवा. बँकेची नोंद, पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, त्यानं पाठवलेलं ऑफर लेटर, यातलं काही डिलीट करू नका म्हणावं. तक्रार ई-मायग्रेट पोर्टलवरही करायची आणि पोलिस ठाण्यातही, आणि तिघींनी मिळून करायची. एकटीला ते 'बघू, बघू' करतात. एकाच माणसाविरुद्ध तीन अर्ज आले की दखल घ्यावी लागते.